आई, विमानतळ आणि मधली मोकळी जागा

प्रश्न : आईच्या पन्नाशीनिमित्त मला मनगटावर मोर्स कोडमध्ये ‘आई’ गोंदवून घ्यायचं आहे. एका साइटवर मराठीत ‘आई’ टाइप केलं तर नुसती प्रश्नचिन्हं आली. इंग्रजीतून ए-ए-आय लिहिलं तेव्हा टिंबं आणि रेघा मिळाल्या. टॅटूवाल्याने त्या एका ओळीत सलग बसवून डिझाइन पाठवलं. गंमत म्हणून ते तीन-तीन खुणांचे दोन गट करून परत साइटवर टाकलं तर उत्तर आलं ‘आर-डी’! साइट चुकतेय की मी?
— एक वाचक, मिरज

उत्तर : नातीच्या वयाची असशील, म्हणून एकेरीत लिहितो. साइटही बरोबर आहे आणि तूही. घोळ टॅटूवाल्याने घातलाय. दिसायला नीटनेटकं व्हावं म्हणून त्याने मधली जागा खाल्ली.

आधी मराठीचं बघू. या साइट्सच्या पोटात आंतरराष्ट्रीय मोर्सचा तक्ता असतो आणि त्यात ए ते झेड, आकडे आणि थोडी विरामचिन्हं एवढंच असतं. ‘आ’ त्यात नाहीच, मग साइट प्रश्नचिन्ह फेकते. हिंदी तारांसाठी आमच्या तार खात्यात देवनागरीचा वेगळा मोर्स होता, पण तो गोंदवलास तर आज वाचणार कोण? इंग्रजी अक्षरंच ठेव. दोन अक्षरी ए-आय मात्र करू नकोस, लोकांना वाटेल कृत्रिम बुद्धिमत्तेवर तुझं फार प्रेम आहे. तीन अक्षरी ए-ए-आय म्हणजे विमानतळ प्राधिकरण, ते तू ठरव.

आता ‘आर-डी’चं. ए म्हणजे टिंब-रेघ, आय म्हणजे दोन टिंबं. तुझी आई अशी दिसायला हवी :

· –   · –   · ·

मधल्या जागा काढ, सहा खुणा सलग लिही आणि तिसऱ्या खुणेनंतर तोड. पहिल्या तीन झाल्या टिंब-रेघ-टिंब, म्हणजे आर. उरलेल्या रेघ-टिंब-टिंब, म्हणजे डी. मोर्समध्ये मोकळी जागासुद्धा मोजून द्यायची असते. रेघ तीन टिंबांएवढी. एकाच अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एका टिंबाएवढी जागा, दोन अक्षरांमध्ये तीन टिंबांएवढी, दोन शब्दांमध्ये सात. साइटवर आवाजाचं बटण असेल तर वेग मिनिटाला बारा शब्द ठेवून ऐक. त्या वेगाला टिंब सेकंदाच्या दहाव्या भागाएवढं असतं, आणि दोन अक्षरांमधला थांबा कानाला स्पष्ट कळतो.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. 1973 साली तार खात्यात लागलो. आमच्याकडे साइटसारखं पीं-पीं नव्हतं, साउंडर होता, कडकट्ट. पट्टी खाली आपटली की एक ठोका, सुटून वर गेली की दुसरा. दोन ठोक्यांमधला वेळ थोडा असेल तर टिंब, जास्त असेल तर रेघ. वेगात पाठवायची मला भारी हौस. एका दुपारी पेठ गावची तार हातात आली. पी-ई-टी-एच. त्यातला ई म्हणजे एक टिंब आणि टी म्हणजे एक रेघ. घाईत दोन्ही चिकटले आणि टिंब-रेघ झाली, म्हणजे ए. पलीकडे गेलं पी-ए-एच. पलीकडचा तारमास्तर जुना, खमक्या. त्याने मला थांबवलं, गाव पुन्हा मागितलं, मी पुन्हा तसंच पाठवलं. तिसऱ्या वेळी त्याने लाइनवरून विचारलं, मध्ये श्वास घेता का साहेब? तार आजारपणाची होती. तो अडून बसला नसता तर ती कुठे फिरत राहिली असती कोण जाणे. आमच्याकडे एकमेकांचा ‘हात’, म्हणजे तार पाठवायची ढब, ओळखायची पद्धत होती. माझा हात पुढे कित्येक महिने ‘पहवाला’ म्हणूनच ओळखला जायचा.

आणखी एक, जे टॅटूवाला सांगणार नाही. मनगटावरची ओळ तुला सुलट दिसली तर समोरच्याला उलटी दिसते. मोर्स उलटा वाचला की अक्षरंच बदलतात : ए-ए-आय उलट्या बाजूने वाचलं तर आय-एन-एन होतं. इन, म्हणजे धर्मशाळा! म्हणून सुरुवातीला एखादं बारीक फूल काढून घे, वाचणाऱ्याला टोक कळेल. सुई लावण्याआधी डिझाइन कागदावर मोजून काढ : टिंब दोन मिलिमीटर, तर रेघ सहा, आणि अक्षरांमधली जागाही सहा. मग हॅम रेडिओवाल्या, म्हणजे हौसेने रेडिओवरून संदेश पाठवणाऱ्या, कुणाला तरी न सांगता वाचायला दे. आपल्याकडे त्यांच्या जनरल ग्रेड परवान्याला मोर्सची परीक्षा लागते. तो ‘आई’ म्हणाला, तरच गोंदव. कुणी सापडलं नाही तर मला पाठव. 2010 ला निवृत्त झालो, 14 जुलै 2013 ला तार सेवाही बंद झाली, पण कान अजून शाबूत आहेत.

प्रश्न : सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलांसाठी खजिना शोधायचा खेळ ठेवला होता. ‘गच्ची’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून साइटवरून मोर्स करून घेतला आणि व्हॉट्सअपवर पाठवला. मुलांनी तो तसाच्या तसा साइटवर टाकला तर काहीच्या काही आलं. असं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : फोनने मदत केली म्हणून. काही फोन ओळीने तीन टिंबं दिसली की त्यांचं एकच चिन्ह करून टाकतात आणि जोडीने आलेल्या दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ करतात. तुमच्या शब्दात जी आहे, त्याला दोन रेघा; एच आहे, त्याला चार टिंबं. बसला फटका. सेटिंगमध्ये ‘स्मार्ट पंक्चुएशन’ असेल तर ते बंद करा, किंवा सरळ फोटो काढून पाठवा. दोन शब्द असतील तर मधली तिरकी रेघ पुसू नका, साइटला ती शब्द तोडायला लागते.

पण माझं ऐकाल तर पुढच्या वर्षी साइट बाजूला ठेवा. मुलांच्या हातात छापील तक्ता द्या आणि अंधार पडल्यावर समोरच्या इमारतीतून बॅटरीने निरोप पाठवा, सावकाश. आणि गच्चीची किल्ली कुणाकडे आहे, तेवढं आधी बघून ठेवा.