मार्चमधल्या गारा आणि 'वारा खंडितता'

तुमचे प्रश्न दोन: ऐन मार्चमध्ये ऊन भाजत असताना गारा पडतातच कशा, आणि हवामान खात्याच्या पत्रकातली 'वारा खंडितता' म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातली शीत आघाडीच का?

दुसऱ्यापासून सुरुवात करतो. ती शीत आघाडी नव्हे, पण त्याच नात्यातली आहे. एखाद्या मोठ्या प्रदेशावर बरेच दिवस मुक्काम करून तिथली ऊब किंवा गारवा, ओल किंवा कोरडेपणा अंगात मुरवलेली हवा म्हणजे वायुराशी. अशा दोन राशी भेटल्या तरी लगेच मिसळत नाहीत, मध्ये सीमा राहते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेतल्या बर्गेन इथे व्हिल्हेल्म ब्यर्कनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सीमेचा अभ्यास केला आणि रणांगणावरचा 'फ्रंट' म्हणजे आघाडी हा शब्द तिला दिला. युरोपात उत्तरेची थंड, जड हवा पाचरीसारखी उबदार हवेखाली घुसते आणि बघता बघता पारा उतरतो, ती शीत आघाडी. आपल्याकडे तापमानात एवढी तफावत क्वचितच असते. आपल्याकडची तफावत ओलाव्याची.

मार्चमध्ये बंगालच्या उपसागरावर जास्त दाबाचं क्षेत्र तयार झालं की त्याच्या कडेने दमट आग्नेय वारे मराठवाडा-विदर्भात शिरतात. वायव्येकडून कोरडे वारे येतात. दोघांची गाठ पडते ती रेषा म्हणजे वारा खंडितता. पत्रकात ती बहुतेक वेळा विदर्भापासून मराठवाडा, अंतर्गत कर्नाटकमार्गे थेट दक्षिणेपर्यंत गेलेली असते.

आता गारा. या रेषेवर हवेला वर चढण्यावाचून वाट नसते. चढताना वाफेचं पाणी होतं, त्यातून उष्णता सुटते आणि ढग आणखी जोमाने वर जातो. त्याच वेळी भूमध्य समुद्राकडून आलेल्या पश्चिमी चक्रावाताची द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, दक्षिणेपर्यंत उतरली असेल तर वरची हवा जास्तच गार झालेली असते. खाली ३८ अंश असले तरी चार-साडेचार किलोमीटरवर पाणी गोठतं. म्हणजे खालचं ऊन गारांच्या आड येत नाही, उलट तेच ढगाला जोर देतं. पावसाळ्यात ही गोठणरेषा आणखी वर सरकते, ढगात वर चढणारा हवेचा झोतही इतका जोरकस नसतो, म्हणून जुलैत गारा सहसा दिसत नाहीत.

२०१४ साली फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात गारपिटीने जे झोडपलं, ते मी शेतात उभं राहून पाहिलंय. गहू आडवा, हरभऱ्याची गंजी भिजलेली. त्यातल्याच एका दिवशी एक मोठी गार उचलून विळ्याने कापली होती. आत कांद्यासारखे पापुद्रे, एक दुधी, एक काचेसारखा. गार ढगात वेगवेगळ्या थरांतून फिरते, कुठे पाणी झटकन गोठतं, कुठे सावकाश, त्याच्या या खुणा. तो तुकडा हातात वितळताना पाहिला आणि तेव्हापासून मी रोज वाऱ्याची दिशा वहीत लिहितो.

तुम्हीही लिहा. सकाळी वारा आग्नेयेचा, डब्यातलं मीठ ओलसर, गुळाला पाणी सुटलेलं, आणि दुपारी एकच्या सुमारास पश्चिमेला फुलकोबीसारखे ढग उभे राहायला लागले, तर काढलेला माल त्याच वेळी झाका. संध्याकाळची वाट बघू नका. मग वारा पडतो, घुसमट होते आणि एकाएकी धुळीचा गार झोत अंगावर येतो, ओल्या मातीचा वास घेऊन. ढगातून कोसळलेली थंड हवा जमिनीवर पसरत येते, तो हा झोत. पुस्तकातली शीत आघाडी आपल्या शिवारात बघायची असेल तर तिचं हे छोटं रूप. तो आला की पाऊस-गारा पाठोपाठच असतात, हातात मोजकी मिनिटं राहतात. तेव्हा ताडपत्रीकडे धावायचं नाही, झाडाखाली थांबायचं नाही, जनावरं खुंट्यावरून सोडून गोठ्यात न्यायची. मोबाईलवर पुण्याच्या आयआयटीएमचं (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं) 'दामिनी' ॲप ठेवा, वीज जवळ येतेय का ते त्यात कळतं.

तुमच्याकडे गेल्या वेळी गारा पडल्या त्या सकाळी वारा कुठला होता, आठवत असेल तर इथे सांगा.