सफेद मुसळी लावताय? आधी गोणी उघडा, मग बिल वाचा

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. कंपनी कंद देणार, माल तीच परत घेणार, वर करारही करून देतेय, तर एकरभर सफेद मुसळी (औषधी मुळ्यांचं पीक) लावू का, असं तुम्ही विचारताय. मी 2004 ला अगदी हेच केलं होतं, अर्ध्या एकरात. गादीवाफे, शेणखत वगैरे तुम्हाला कुणीही सांगेल, ते सोडतो.

200 किलो कंद घेतले, 300 रुपये किलोने. गोण्या आल्या रात्री, पाऊस तोंडावर, सकाळचे मजूर सांगून ठेवलेले, म्हणून उघडून न बघता थेट वाफ्यावर नेल्या. मुसळीच्या मुळ्यांच्या झुपक्याला वर गड्डा असतो, कोंब फुटायचे डोळे तिथेच असतात. मुळीला त्या गड्ड्याचा तुकडा नसेल तर ती बोटाएवढी टपोरी असली तरी फुटत नाही, सडते. माझ्या निम्म्याहून जास्त मुळ्या नुसत्या मोडलेल्या होत्या. जुलैत उकरलं तर हाताला लगदा लागला.

कंपनीचा फोन बंद. तक्रार घेऊन एका सरकारी ऑफिसात गेलो (कुठलं ते नाही सांगत), तर साहेब बिल उलटंपालटं करून म्हणतात, "यावर बियाणं कुठे लिहिलंय? 'वनौषधी मुळे' लिहिलंय, उगवणीची तक्रार कशी घेऊ?" सहा चकरा मारल्या, दरवेळी नवीन टेबल, पंचनामा शेवटपर्यंत झालाच नाही, आणि तोवर जे थोडंफार उगवलं होतं ते तणाखाली गेलं. कंद गेले त्यापेक्षा ते दोन शब्द जास्त लागले मला.

आणखी एक, माहितीपत्रकात उत्पन्न ओल्या मुळ्यांचं सांगतात आणि भाव सोललेल्या सुक्या मालाचा. पाच किलो ओलीची जेमतेम एक किलो सुकी होते, आणि एकेक मुळी हाताने खरवडायची असते. तो गुणाकार करून बघा एकदा.

झाडाला दोष नाही हां. शास्त्रीय नावात 'बोरिविलियानम' आहे, म्हणजे आपली बोरिवली, 1955 मध्ये ठेवलंय ते. आमची आजी बाळंतिणीला दूध यावं म्हणून आणि दुखण्यातून उठलेल्या माणसाला दुधात चमचाभर पावडर द्यायची. ताकदीची म्हणून जाहिराती चालतात त्या वेगळ्याच. मी वैद्य नाही, शुगर-बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तयार पावडर तर मी घेतच नाही, शतावरी दळून घातली तरी कळत नाही. काळी मुसळी हे झाडच वेगळं, त्यात फसू नका.

लावायचीच असेल तर यंदा दोनच वाफे लावा, कंद शेतकऱ्याकडून, समोर उपटलेले घ्या. पाला पिवळा पडला म्हणून लगेच खणू नका, मुळीची साल काळपट होऊ द्या. कंपनीकडूनच घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी कोऱ्या बिलाचा नमुना मागा आणि इथे टाका, त्यावर 'बियाणं' लिहिलंय का ते मी वाचून सांगतो.