वाचकांचे प्रश्न : ‘घोस्ट्स’ कुठून वाचायला घ्यावं?

प्रश्न : डॅन ॲबनेट यांच्या ‘गॉन्ट्स घोस्ट्स’ मालिकेत पंधरा कादंबऱ्या आहेत, आणि ‘वॉरहॅमर ४०,०००’च्या त्याच विश्वात इतर लेखकांचीही ढीगभर पुस्तकं. तिसऱ्या ‘नेक्रोपोलिस’पासून सुरुवात केली तर चालेल का? मूळ खेळ मला येत नाही.

उत्तर : खेळ येत नाही म्हणून काही अडत नाही. हे विश्व १९८७ साली टेबलावर मांडायच्या युद्धखेळातून निघालं खरं, पण ही मालिका साध्या पायदळाची आहे. चिखल, खंदक, रसद आणि डोक्यावर बसलेले मूर्ख सेनापती हे कुठल्याही युद्धकथेच्या वाचकाला ओळखीचंच असतं.

‘नेक्रोपोलिस’ म्हणजे एका अवाढव्य औद्योगिक शहराला पडलेला वेढा. एकटी कादंबरी म्हणून ती उत्तम उभी राहते, आणि पहिल्या तिघांत सर्वांत सरस तीच. तरीही क्रम मोडू नका. पहिली ‘फर्स्ट अँड ओन्ली’ १९९९ची, पंधरावी ‘अनार्क’ २०१९ची. प्रकाशनाचा क्रम हाच वाचनाचा क्रम. बहुतेकांची गाडी अडते ती दुसऱ्या ‘घोस्टमेकर’पाशी. त्या सुट्या कथा आहेत, एका चौकटीत गुंफलेल्या. सलग कादंबरी समजून वाचायला घेतलं की धागा हाती लागत नाही आणि पुस्तक बाजूला पडतं. एका बैठकीला एकच कथा घ्या. एकेका शिपायाची ओळख तिथे होते. ‘नेक्रोपोलिस’मध्ये तोफा सुरू झाल्यावर कोण कोण आहे हे सांगायला लेखक थांबत नाही.

प्रश्न : गॉन्टच्या ‘घोस्ट्स’ या पलटणीत एकेक मृत्यू इतका जिव्हारी का लागतो? या विश्वात माणसं तर लाखांनी मरतात.

उत्तर : कारण हजेरीपटात आहे. टॅनिथ ग्रहावर नव्या रेजिमेंटी उभ्या राहत असतानाच शत्रू येऊन धडकला. ग्रह गेला, जेमतेम एका रेजिमेंटपुरती माणसं निघाली. ‘पहिली आणि एकमेव’ हे नाव तिथलंच. एरवी रेजिमेंट झिजली की मायग्रहावरून नवी भरती मागवता येते. इथे मागे ग्रहच उरलेला नाही. गेलेल्या माणसाची जागा रिकामीच राहते, आणि पलटणीचा प्रमुख कर्नल-कमिसार (सेनानी आणि राजकीय अधिकारी एकातच) गॉन्टला प्रत्येक हुकूम देताना हे ठाऊक असतं.

पुढे ‘नेक्रोपोलिस’मधल्या शहराच्या वेढ्यातून वाचलेले सैनिक आणि नागरिक, बायकासुद्धा, पलटणीत येतात (थोडं गुपित फुटलं, माफ करा). संख्या सुधारते आणि नवी धुसफूस सुरू होते, कारण नाव टॅनिथचंच राहतं. चौथ्या पुस्तकापासून मालिकेला खरी खोली येते ती या धुसफुशीमुळे, असं आमचं मत.

प्रश्न : या विश्वातली ‘०१२३४५६.एम४१’ असली तारीख वाचायची कशी?

उत्तर : डावीकडून सुरू करा. पहिला आकडा नोंद कितपत खात्रीची ते सांगतो. ० म्हणजे घटना खुद्द पृथ्वीवरची. आकडा जितका मोठा, तितकी खात्री कमी. पुढचे तीन आकडे म्हणजे वर्षाचा हजारावा भाग. असा एक भाग सुमारे ८ तास ४५ मिनिटांचा, म्हणून १२३ म्हणजे पंचेचाळिसावा दिवस, १४ फेब्रुवारीच्या आसपास. नंतरचे ४५६ हे वर्ष आणि एम४१ हे एकेचाळिसावं सहस्रक, म्हणजे साल ४०,४५६. चूक इथेच होते : एम४१ दिसलं की लोक ४१,४५६ धरतात आणि हजार वर्षांनी घसरतात. जसं १९८७ साल विसाव्या शतकातलं, तसंच हे. पुस्तकांत बरेचदा शेवटचा तुकडाच छापतात, ‘४५६.एम४१’ असा.

खात्रीचा आकडा लागतो तो ‘वॉर्प’ प्रवासामुळे, म्हणजे जहाजं ताऱ्यांमधलं अंतर ज्या वेगळ्या मितीतून कापतात त्या प्रवासामुळे. जहाजावर काही आठवडे जातात, तेवढ्यात बाहेर महिने उलटलेले असू शकतात.

प्रश्न : लासगनचा (पायदळाच्या लेझर बंदुकीचा) पॉवर पॅक, म्हणजे बॅटरी, विस्तवात टाकून खरंच चार्ज होतो?

उत्तर : हो, उन्हातही होतो. पण विस्तवात टाकल्याने त्याचं आयुष्य घटतं, म्हणून तो नाइलाजाचा उपाय.

प्रश्न : याच विश्वावर कादंबरी लिहून विकता येईल का?

उत्तर : परवानगीशिवाय नाही. विश्वाची मालकी गेम्स वर्कशॉप कंपनीची आहे. कादंबऱ्या तिचीच ‘ब्लॅक लायब्ररी’ ही शाखा काढते. आपलं स्वतःचं विश्व रचा, आणि कथानकाआधी हजेरीपट मांडा. समजा १२० जणांच्या चार कंपन्या, एकूण ४८०. रोज उरलेल्यांपैकी पाच टक्के कामी आले तर दहाव्या दिवसाअखेर २८७च्या आसपास उरतात. नवखे लेखक दहाव्या दिवशीही चारही कंपन्या भरलेल्या दाखवतात. माणशी ४ लिटर पाणी धरलं तर पहिल्या दिवशी १,९२० लिटर लागतं, म्हणजे जवळपास दोन टन. ते कोण वाहतं, कुठल्या वाटेने, आणि ती वाट बंद पडली तर काय, एवढं ठरवलंत की अर्धं कथानक हाती येतं. शेजारच्या मित्रसैन्याची काडतुसं आपल्या बंदुकीत बसत नाहीत, एवढं एक जोडलंत तर शत्रू यायच्या आतच दोन प्रकरणं लिहून होतील.