तुला आम्ही का भरवत होतो: ओवीस पत्र

चि. ओवी हिस बाबाचे अनेक आशीर्वाद.

परवा मैत्रिणीच्या घरून परत आल्यावर तू जेवताना जो प्रश्न विचारलास, तो "नंतर सांगतो" म्हणून मी पुढे ढकलला होता, कारण त्याचे उत्तर दोन वाक्यांत संपणारे नाही. तुझ्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ दीड वर्षाचा आहे, तो स्वतःच्या खोलीत एकटा झोपतो आणि निम्मे अंगावर सांडत का होईना, आपल्या हाताने जेवतो. तू मात्र त्याच्याहून मोठी असतानाही आमच्या हातचे घास घेत होतीस आणि आम्हा दोघांच्या मध्ये झोपत होतीस, हे तू जुन्या व्हिडिओंमध्ये पाहिले आहेस. "मराठी लोक मुलांना का भरवतात? मला जमत नव्हतं म्हणून, की मी सांडलेलं तुम्हाला चालत नव्हतं म्हणून?" असे तू विचारलेस. त्यातले दुसरे कारण अगदीच खोटे आहे असे नाही, पण ते पुरेसेही नाही. मलाही हे नीट उमगले ते आपण पुण्याहून श्टुटगार्टला आलो त्या पहिल्या काही आठवड्यांत, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. एखादा शब्द अडला तर आईला विचार.

आपण आलो तेव्हा ऑगस्ट महिना होता आणि तुला दोन वर्षे पूर्ण व्हायची होती. आईला इथे नोकरी मिळाली होती, माझे काम अजून ठरायचे होते, त्यामुळे दिवसभर तू आणि मी. पुण्याच्या घरी तुझे जेवण ही एकट्या माणसाची जबाबदारी कधीच नव्हती. आजी वरण-भात कालवून वाटी भरून द्यायची, आत्या तुला कडेवर घेऊन गॅलरीत उभी राहायची, चिऊचा एक आणि काऊचा एक असे घास सुरू व्हायचे, आणि आत्याचा फोन वाजला की वाटी समोरच्या काकूंच्या हातात जायची. कोणी किती भरवले याचा हिशेब कोणी ठेवत नसे. इथे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत वाटी धरायला माझ्याशिवाय कोणी नव्हते, आणि गॅलरीसमोर कावळा बसला तर तोही तुला ओळखीचा वाटत नसे, कारण इथल्या कावळ्याच्या मानेला करडेपणा नसतो.

पहिले काही दिवस तर घड्याळानेच छळले. उन्हाळ्यात भारत आणि जर्मनी यांच्यात साडेतीन तासांचे अंतर असते, म्हणजे इथे पहाटेचे तीन वाजतात तेव्हा पुण्यात साडेसहा झालेले असतात. तू बरोबर पुण्याच्या वेळेला उठून बसायचीस आणि खायला मागायचीस. जर्मनीत रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये अशी शिस्त आहे, म्हणून मी फरशीवर गोधडी पसरून तुला तिच्यावर बसवायचो आणि मेतकूट-भाताचे छोटे छोटे घास करून भरवायचो. तांदूळ मात्र इथलाच असे. खिरीसाठी विकला जाणारा इथला बुटका, गोल तांदूळ जरा जास्त पाणी घालून शिजवला की आंबेमोहोरासारखा नाही तरी तितकाच मऊ भात होतो, आणि तुपाच्या जागी बुटरश्माल्त्स चालते, कारण तेही कढवलेले लोणीच असते. तू अंधाराकडे बघत, एक अक्षर न बोलता जेवायचीस. खोली, माणसे, रस्त्यावरची भाषा, खिडकीतून येणारा वास यातले काहीच तुझ्या ओळखीचे उरले नव्हते. भाताची चव आणि घास घेऊन येणारी बोटे एवढेच तेवढे जुने होते. त्या वेळी कोणी मला तुझ्या हातात चमचा देण्याचा सल्ला दिला असता तर मी तो ऐकला नसता.

आता तुझ्या प्रश्नाचा साधा, स्वयंपाकघरातला भाग सांगतो. आपले जेवण बोटांसाठीच बनलेले आहे. वरण-भात हा वाढला की जेवण्याजोगा होत नाही. तो कालवावा लागतो, भाताची गुठळी फोडावी लागते, निवला की नाही हे बोटांनी पाहावे लागते, आणि मग चार बोटांवर घेऊन अंगठ्याने पुढे सारावा लागतो. दोन वर्षांच्या हाताला हे जमायला वेळ लागतो. तुझी आजी मालवणची, तिच्या घरी मासे रोजचे. बांगड्याचा काटा बोटांना कळतो, चमच्याला कळत नाही, म्हणून काटे काढून भातात कुस्करलेला मासा लहान मुलाला मोठ्यानेच भरवायचा, याला तिथे पर्याय नाही. इथल्या मुलांच्या ताटात काय असते ते आठवून बघ: पावाच्या पट्ट्या, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, काकडीचे काप, ब्रेत्सेल नावाचा वेटोळा पाव. बेकरीतल्या बाईंनी तुझ्या हातात पहिल्यांदा ब्रेत्सेल दिला तेव्हा तू तो कोणाच्याही मदतीशिवाय संपवलास. तेव्हा तुझ्या मैत्रिणीचा भाऊ तुझ्याहून हुशार आणि तू त्याच्याहून मंद, असा याचा अर्थ लावू नकोस.

ऑक्टोबरात तुला आईच्या कंपनीच्या ओळखीतून किटात, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीत, जागा मिळाली. जर्मनीत 1 ऑगस्ट 2013 पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला अशी जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, पण हक्क असणे आणि जागा रिकामी असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इथे कोणतेही आईबाप सांगतील. त्याआधी पत्त्याची नोंदणी झाली, डॉक्टरांच्या पिवळ्या वहीत तुझी तपासणी लिहिली गेली आणि गोवराच्या लशीचा पुरावा दिला गेला, कारण 2020 पासून त्याशिवाय किटात घेत नाहीत. तुझ्या दंडावरचा बीसीजीचा व्रण पाहून डॉक्टरांनी त्याविषयी विचारले. ती लस इथे 1998 पासून सरसकट देत नाहीत, म्हणून तुझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या दंडावर तो नाही. ही चौकशी तू मागे एकदा केली होतीस, तिचे उत्तर इथेच देऊन टाकतो.

किटात मूल एकदम सोडून येत नाहीत. सवय लावण्याची इथे एक ठरलेली पद्धत आहे, तिला बर्लिन पद्धत म्हणतात आणि ती 1980च्या दशकात बर्लिनमध्ये तयार झाली. पहिले तीन दिवस आई किंवा बाबांनी मुलासोबत साधारण तासभर तिथे नुसते बसायचे, त्याला खेळायला ढकलायचे नाही आणि त्याने जवळ यायचे ठरवले तर दूर लोटायचे नाही. चौथ्या दिवशी थोड्या वेळासाठी खोलीबाहेर जायचे, आणि तो दिवस सोमवार असेल तर तेही मंगळवारवर ढकलायचे, कारण शनिवार-रविवार घरी राहिल्यावर मुलाला पुन्हा जुळवून घ्यावे लागते. मूल रडले आणि शिक्षिकेकडून शांत झाले नाही, तर काही मिनिटांत परत यायचे. शिक्षिकेने समजावल्यावर मूल शांत होऊ लागले, की मगच सवय पूर्ण झाली असे धरतात. हे वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात मी बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो आणि तू माझ्या सदऱ्याचे टोक धरून दुसऱ्या मुलांच्या रबरी बुटांकडे बघत होतीस.

या पद्धतीत मला सर्वांत विलक्षण वाटलेला नियम असा, की जाताना मुलाचा निरोप घेतलाच पाहिजे, ते रडले तरी. आपल्याकडे उलट करतात. मुलाला "तो बघ भू भू" म्हणून खिडकीशी न्यायचे आणि आईने चप्पल हातात घेऊन मागच्या दाराने सटकायचे, हे मी किती घरांत पाहिले आहे. आपल्याकडे ते निभते, कारण मूल मागे वळते तेव्हा आजीच्या कडेवर असते आणि घरात आणखी चार माणसे असतात. अनोळखी खोलीत ते निभणार नाही. मी तुला सांगून बाहेर गेलो तेव्हा तू रडलीस, पण दाराकडे बोट दाखवून रडलीस, म्हणजे मी कुठून गेलो आणि कुठून येणार हे तुला ठाऊक होते. या एका बाबतीत मला इथली रीत आपल्यापेक्षा निःसंशय चांगली वाटते, आणि घरी आलेल्या पाहुण्यांनाही आपण तीच पाळायला लावतो हे तू बघतेसच.

जेवणाच्या टेबलावर मात्र वेगळेच घडले. मुले मधल्या भांड्यातून डावाने आपापल्या ताटलीत वाढून घेत होती, सांडत होती, आणि कोणी ओरडत नव्हते. तुझ्यापुढे ताटली आली. तू दोन्ही हात मांडीवर ठेवलेस आणि तोंड उघडून बसलीस. शिक्षिकेला क्षणभर काही समजेना. मग तिने माझ्याकडे पाहिले आणि मी तिला समजावले. तिने तुला भरवले नाही, पण तुझ्या शेजारी बसून स्वतः सावकाश जेवू लागली. त्या दिवशी तू काहीही खाल्ले नाहीस. पुढे एका दिवशी डाळ आणि श्पेत्स्ले होते. श्पेत्स्ले म्हणजे अंड्याच्या पिठाचे मऊ, वेडेवाकडे तुकडे, आणि मसुरासारख्या डाळीबरोबर ते खाणे ही या श्वाबेन प्रांताची जुनी आवड. वरण पोटात असलेल्या मुलीला डाळीचा वास लागला असावा. तू पाचही बोटे ताटलीत घातलीस आणि कालवू लागलीस. शिक्षिकेने चमचा बाजूला सरकवून ठेवला आणि तुला कालवू दिले.

तिथला आणखी एक नियम म्हणजे मुलाने नको म्हटले की ताटली उचलायची. "शेवटचा एक", "हा आजोबांचा" असले काही नाही. आपल्या खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनीही मला हेच सुनावले होते. त्या आठवड्यात जिना पुसण्याची पाळी आपली होती. इथे तिला केअरवोख म्हणतात आणि तिची पाटी दारावर लटकवतात. मी एका हातात पोछा आणि दुसऱ्या हातात वाटी घेऊन तुझ्यामागे पायऱ्या उतरत होतो. त्या म्हणाल्या, "भूक लागली की मुलं खातात." मला त्यांचा राग आला, कारण त्या बरोबर बोलत होत्या. भरवण्याच्या नादात आपण मुलाचे पोट मुलाऐवजी आपणच मोजतो, पाच वर्षांच्या मुलांमागेही टीव्ही लावून वाटी घेऊन धावतो, आणि याला लाड म्हणतो. आपल्या पद्धतीतला हा भाग राखण्याजोगा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

झोपेचे उत्तर याहून थोडक्यात देता येईल. आपल्याकडे घरे लहान आणि माणसे जास्त, म्हणून मुले कोणाच्या ना कोणाच्या कुशीत झोपतच आली. त्यामागे फार मोठा विचार आहे असे मी सांगणार नाही. किटात दुपारी तुला स्वतंत्र गादी मिळाली आणि तू डोळे मिटेनास. तुझ्या शिक्षिकेने मला विचारले, ही घरी कशी झोपते? मी गादीवर हात आपटून थोपटण्याची लय दाखवली. आधी त्या फार हलके थोपटायच्या, जणू धूळ झटकत आहेत. मग त्यांना वजन जमले. काही दिवसांनी खिडकीतून पाहिले तर त्यांचा उजवा हात तुझ्या पाठीवर होता आणि डावा शेजारच्या गादीवरच्या मुलावर. स्वतःच्या खोलीत झोपायचे तू पुढे आपणहून ठरवलेस, तेव्हा आम्ही अडवले नाही.

तर तुला जमत नव्हते म्हणूनच आम्ही भरवत होतो का? तुझे उष्टावण आठव, म्हणजे त्याचे फोटो आठव. मामाने चांदीच्या वाटीतली खीर तुझ्या जिभेवर ठेवली, तेव्हा खरोखरच तुला जमत नव्हते. पण आत्याच्या लग्नात तिने आणि काकाने उखाणा घेऊन एकमेकांना जिलेबी भरवली, त्या दोघांना जेवता येत नव्हते असे कोणी म्हणणार नाही. गेल्या वर्षी आजोबांचा हात मोडला नव्हता, तरी वाढदिवसाला आजीने त्यांना पुरणपोळीचा पहिला घास भरवला आणि ते लाजले. आपल्याकडे घास भरवणे ही माणसे जोडण्याची रीत आहे, आणि लहान मूल तिचा सर्वांत सोयीचा मानकरी असते. ही रीत टिकायला घरात हात भरपूर लागतात. इथे हात दोघांचेच होते, आणि तेही कामावर जाणारे, म्हणून दिवसभर तू आपल्या हाताने जेवायचे आणि रात्रीच्या भाताचे पहिले चार घास आम्ही भरवायचे अशी वाटणी आम्ही केली. पुढे चार घासांचा एक झाला. तो आई अजूनही सणावारी तुला भरवते, आणि तू मैत्रिणी समोर असल्या की तोंड फिरवतेस, हेही आम्हाला दिसते.

डिसेंबरात आपण मालवणला जाऊ तेव्हा आत्याचे बाळ आठ महिन्यांचे झालेले असेल, आणि त्याला भरवायचा हट्ट तू धरशील याची मला खात्री आहे. जरूर भरव. नखे कापून, हात धुऊन बस, भात अगदी मऊ कुस्कर, निवला का ते पाहा, आणि मासे आजीने निवडून दिल्याशिवाय त्याच्या तोंडाजवळ नेऊ नकोस. त्याने मान वळवली की थांब. आजी मागून "अगं, अजून एक घाल" म्हणेल. तेव्हा बाबाने नको म्हटले आहे असे सांग, म्हणजे बोलणी मला बसतील.

तुझा,
बाबा