सोन्याचे नॅनोकण आणि लेसर यांमुळे काकांची शस्त्रक्रिया टळेल का?

काकांच्या जिभेच्या कर्करोगावर सोन्याचे नॅनोकण आणि लेसर हा उपचार इंदुरात घेऊन शस्त्रक्रिया टाळता येईल का, असे आपण विचारले आहे. मी येथील एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. तरीही या आशेवर शस्त्रक्रिया लांबवू नये, एवढे आधीच सांगते.

सराफ्यातले सोने पिवळे असते, पण त्याचेच वीसेक नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगत असले की ते पाणी कोकम सरबतासारखे लाल दिसते, कारण कणांमधले इलेक्ट्रॉन हिरव्या प्रकाशाबरोबर डोलू लागतात आणि तो शोषून घेतात. कणांना दांडीचा आकार दिला, किंवा सिलिकाच्या गोळीवर सोन्याचा पातळ मुलामा चढवला, तर हे शोषण निकट-अवरक्त, म्हणजे लाल रंगाच्या लगेच पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाकडे सरकते. शोषलेल्या प्रकाशाची उष्णता होते आणि तापमान ५० अंशांच्या वर गेले की पेशी काही मिनिटांतच मरतात.

अवरक्तच का, हे घरी पाहता येते. अंधारात मोबाइलचा टॉर्च बोटांखाली दाबून धरा. वर येतो तो फक्त लाल उजेड, बाकीचे रंग रक्त आणि ऊती गिळून टाकतात. निकट-अवरक्त प्रकाश त्याहून थोडा खोल जातो, तरी काही सेंटिमीटरांपलीकडे त्याचा जोर उरत नाही. म्हणूनच प्रोस्टेटच्या १६ रुग्णांवरील ज्या अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले, तीत लेसरचे तंतू थेट ग्रंथीत घालावे लागले.

माझ्या मते खरी अडचण तापवण्याची नाही, पोचण्याची आहे. शिरेतून दिलेले बरेचसे कण यकृत आणि प्लीहा अडवून ठेवतात; २०१६ च्या एका आढाव्यानुसार, मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांत, दिलेल्या मात्रेपैकी जेमतेम ०.७ टक्के कण गाठीपर्यंत पोचले होते.

आपल्याकडे ‘कॅट’मध्ये, म्हणजे राजा रामण्णा केंद्रात, लेसरचे मोठे काम चालते, त्यामुळे उपचारही तिथेच मिळत असेल असे अनेकांना वाटते, परंतु ती संशोधन संस्था आहे, रुग्णालय नव्हे.

शिवाय जिभेचा कर्करोग बहुधा आधी मानेतल्या लसिकाग्रंथींत उतरतो, आणि जिभेवर टाकलेला प्रकाश तिथे काहीच करू शकत नाही. पुढच्या भेटीत मानेच्या तपासणीत काय आढळले, हे शल्यविशारदांना आवर्जून विचारा.