वार खाली आहे म्हणजे नेमकं काय? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न: पाळी चुकून दहा दिवस झाल्यावर सोनोग्राफी केली. रिपोर्टवर साडेपाच आठवडे लिहिलंय, पण आमच्या हिशोबाने गर्भ राहून साडेतीनच आठवडे झालेत. गर्भाची पिशवी दिसते, पण बाळ नाही आणि ठोकेही नाहीत. मी फार घाबरले आहे.

दोन्ही हिशोब बरोबर आहेत. गर्भ नेमका कोणत्या दिवशी राहिला हे सहसा कोणालाच सांगता येत नाही, पाळीची तारीख मात्र माहीत असते. म्हणून शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजतात. त्यातले पहिले दोन आठवडे गर्भ राहिलेलाच नसतो.

साडेपाच आठवड्यांना तुम्हाला जे दिसलं, तेच दिसायला हवं. पिशवी साधारण पाचव्या आठवड्याच्या सुमारास दिसते, मग तिच्या आत पीतक पिशवीचं (गर्भाला सुरुवातीला पोसणारी योक सॅक) छोटं वर्तुळ, आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास काही मिलिमीटरचा गर्भ व त्याचे ठोके. पाळी 35 दिवसांनी येत असेल तर हे सगळं आणखी आठवडाभर पुढे सरकतं. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी 7 मिमी किंवा जास्त असून ठोके नाहीत, किंवा पिशवीचा सरासरी व्यास 25 मिमी किंवा जास्त असून आत गर्भच नाही, तर वाढ थांबली असं खात्रीने म्हणता येतं. माप त्याखाली असेल तर 7 ते 14 दिवसांनी पुन्हा बघायचं. तोवर गर्भाशय रिकामं करण्याच्या गोळ्या घेऊ नका. ही घाई आम्हाला फार खटकते, कारण तिच्यात चांगला गर्भही जाऊ शकतो.

मात्र ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर किंवा खांद्याच्या टोकाशी दुखणं सुरू झालं, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. पिशवी गर्भाशयात दिसलेली नसेल, तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नलिकेत असण्याची शक्यता मोठी असते. आणि फोलिक ॲसिडची रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी चालू नसेल तर आजच सुरू करा. बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून 28 दिवसांत मिटते, म्हणून ही गोळी खरं तर गर्भ राहण्याच्या महिनाभर आधीपासून घ्यायची असते.

प्रश्न: माझा रक्तगट निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. आईचं रक्त नाळेतून बाळाकडे जातं, तर बाळ पॉझिटिव्ह असलं तरी लगेच त्रास कसा होत नाही? आणि मी घेतलेली औषधं त्याच्यापर्यंत पोचतात का?

आईचं रक्त बाळाच्या अंगात जात नाही. नाळेतून वाहतं ते बाळाचंच रक्त. दोन रोहिण्यांमधून ते वारेकडे (प्लासेंटा, गर्भाशयाला चिकटलेला आणि बाळाला पोसणारा अवयव) जातं आणि एका नीलेतून प्राणवायू घेऊन परततं.

पाचव्या दिवशी गर्भ म्हणजे शंभर-दोनशे पेशींचा पोकळ गोळा असतो. आतल्या बाजूला चिकटलेल्या मूठभर पेशींचं बाळ होतं आणि बाहेरच्या थराची वार. म्हणजे वार मुख्यतः बाळाचाच अवयव आहे, आई तिला अंथरूण देते. सहाव्या-सातव्या दिवशी हा गोळा गर्भाशयाच्या अस्तराला टेकतो आणि दहाव्या दिवसापर्यंत त्यात पूर्ण रुततो. बाहेरच्या पेशी आपापल्या भिंती विरघळवून एकसंध पापुद्रा बनवतात. त्याच्या आतून फांद्या फुटत जातात. हेच वारेचे अंकुर. पाण्यात बोटं बुडवावीत तसे ते आईच्या रक्तात बुडलेले असतात. नऊ महिने भरेपर्यंत त्यांचं एकूण पृष्ठफळ 11 ते 13 चौरस मीटर होतं आणि दोन रक्तांमधला पडदा काही ठिकाणी मिलिमीटरच्या दोन-चार हजारांश भागाइतका पातळ.

सुरुवातीचे 10 ते 12 आठवडे आईच्या रोहिण्यांची तोंडं वारेच्या पेशींनीच जवळजवळ बुजवलेली असतात. या काळात गर्भ अस्तरातल्या ग्रंथींच्या स्रावावर पोसतो. कमी प्राणवायू त्याच्या नाजूक पेशींना मानवतो. मग तोंडं मोकळी होतात, आणि दिवस भरत येतात तेव्हा गर्भाशयाला मिनिटाला 600 ते 700 मिलिलिटर रक्त मिळत असतं.

प्राणवायू पडद्यातून आपोआप झिरपतो. बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, ते तो जास्त घट्ट धरतं. साखर वाहक प्रथिनांवर बसून जाते, अमिनो आम्लं आणि कॅल्शियम ऊर्जा खर्चून ओढून घेतली जातात. इन्सुलिन मात्र जवळजवळ जात नाही. म्हणून आईची साखर वाढली की साखर बाळाकडे जाते आणि बाळाला स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवावं लागतं. बाळ वजनाने वाढतं आणि जन्मानंतर आईकडची साखर अचानक बंद झाल्यावर त्याचीच साखर घसरते.

औषधांमध्ये हेपॅरिनचे रेणू मोठे, ते अडतात. वॉरफरिन पार जातं आणि बाळात व्यंग निर्माण करू शकतं, म्हणून रक्त पातळ ठेवायचं औषध गरोदरपणात बहुधा बदललं जातं. दारू, निकोटिन, धुरातला कार्बन मोनॉक्साइड यांना अडवणारं काहीच नाही. रुबेला, सिफिलिस, टॉक्सोप्लाझ्मा, झिका हेही पलीकडे पोचतात. चालू असलेलं औषध मनाने बंद करू नका, यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. फिटचं औषध अचानक थांबवल्यास आई-बाळ दोघांनाही मोठा धोका असतो.

आता रक्तगट. बाळंतपणात, गर्भपातात किंवा पोटाला मार बसल्यावर बाळाचं थोडं रक्त आईत मिसळतं. तिचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवतं. हे व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिलं बाळ बहुधा सुटतं. पुढच्या वेळी ती प्रतिपिंडं वार ओलांडून पॉझिटिव्ह बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. ती तयारच होऊ नयेत म्हणून 28 आठवड्यांना आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन द्यायचं. मात्रा बहुतेक ठिकाणी 300 मायक्रोग्रॅम. प्रतिपिंडं एकदा तयार झाली की त्याचा उपयोग नाही, म्हणून आधी इनडायरेक्ट कूम्ब्स चाचणी करून घ्या.

प्रश्न: 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीत वार गर्भाशयमुखापासून 14 मिमीवर आहे. रक्त वगैरे काही जात नाही, पण घरचे पलंगावरून उठू देत नाहीत.

उठा, ताई. झोपून राहिल्याने वार वर सरकत नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

20 मिमीच्या आत असेल तर तिला खाली असलेली वार म्हणतात, तोंडच झाकलं असेल तर प्लासेंटा प्रीव्हिया. विसाव्या आठवड्याला खाली असलेल्या दहांपैकी सुमारे नऊ वारा शेवटच्या तिमाहीपर्यंत वर गेलेल्या दिसतात. वार जागची हलत नाही. गर्भाशयाचा खालचा भाग ताणून लांब होतो, आणि रक्तपुरवठा कमी असलेल्या कडेचे अंकुर सुकतात, तर वरच्या बाजूचे वाढतात. 32 आठवड्यांना योनीमार्गातून सोनोग्राफी करून घ्या, गरज पडल्यास 36 ला पुन्हा. ती सुरक्षित आहे आणि पोटावरून केलेल्यापेक्षा माप अचूक देते. रिपोर्टमध्ये ‘वार खाली’ एवढंच नको. मिलिमीटर किती, पुढे की मागे, हे लिहून मागा.

रक्तस्राव का होतो, तर खालचा भाग ताणतो आणि वार ताणत नाही. ती कडेने सुटते. रक्त लालभडक असतं, दुखत मात्र नाही. आपोआप थांबलं तरी घरी बसू नका. जिथे रक्त आणि शस्त्रक्रिया दोन्हींची सोय आहे तिथेच जा आणि पोचल्याबरोबर सांगा: वार खाली आहे, बोटाने आतून तपासू नका. बोटाचा धक्का लागून मोठा रक्तस्राव होऊ शकतो. रक्त जात असेल किंवा तोंड झाकलेलं असेल तर शरीरसंबंधही टाळा.

पोट लाकडासारखं कडक होऊन सतत दुखत असेल, तर ते वेगळं. जागेवर असलेली वार वेळेआधी सुटण्याचं ते लक्षण, आणि त्यात रक्त आतच साचून बाहेर थेंबही न दिसण्याची शक्यता असते. अशा वेळी तासभरही थांबू नका.

आधी सिझेरियन झालं असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वारेने तोंड झाकलेलं असताना ती गर्भाशयाच्या भिंतीत खोल रुतण्याचं प्रमाण पहिल्या सिझेरियनच्या वेळी सुमारे 3 टक्के, दुसऱ्याला 11 आणि तिसऱ्याला 40 टक्के असतं. अशा बाळंतपणाची तयारी आठवडे आधी करावी लागते.

प्रश्न: वार पुढच्या बाजूला आहे. 19 वा आठवडा संपत आला, हालचाल कळत नाही.

मधली गादी हालचाल झाकते. पहिलटकरणीला 20 आठवड्यांनंतरही कळायला वेळ लागतो. 24 आठवड्यांपर्यंत काहीच जाणवलं नाही तर तपासून घ्या. एकदा कळू लागल्यावर मात्र ‘वार पुढे आहे ना’ म्हणून हालचाल कमी झाल्याकडे कधीही दुर्लक्ष करू नका.

प्रश्न: 38 आठवड्यांना वार ‘ग्रेड 3’ आली. वार म्हातारी झाली का?

ग्रेड वारेतल्या चुन्याच्या ठिपक्यांवरून देतात, आणि ते या वेळी बऱ्याचदा दिसतात. बाळाची वाढ, गर्भजल आणि नाळेतला रक्तप्रवाह नीट असेल तर नुसत्या ग्रेडवरून घाई करायचं कारण नाही. हेच 32 आठवड्यांच्या आत दिसलं तर वाढीवर बारीक नजर ठेवतात.

प्रश्न: पहिल्या खेपेला बीपी वाढलं, लघवीतून प्रथिन गेलं. या वेळी मीठ बंद केलं तर टळेल का?

नाही. या दुखण्याचं (प्रीएक्लॅम्प्सिया) मूळ बहुधा वार रुजतानाच पडतं. वारेच्या पेशींनी आईच्या गर्भाशयातल्या नागमोडी रोहिण्यांच्या भिंतीत शिरून तिथला स्नायू हटवायचा आणि त्या रुंद करायच्या, हे काम विसाव्या आठवड्यापर्यंत उरकतं. ते अर्धवट राहिलं की रोहिण्या अरुंद राहतात. ताणाखाली आलेली वार आईच्या रक्तात अशी प्रथिनं सोडते की तिच्या सगळ्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं.

म्हणून उपायही लवकर हवा. डॉक्टरांच्या सल्ल्याने 12 व्या आठवड्यापासून, शक्यतो 16 च्या आत, रोज रात्री 75 ते 150 मिग्रॅ ॲस्पिरिन सुरू करतात. विसाव्या आठवड्यानंतर बीपी 140/90 झालं तर त्याच दिवशी दाखवा. 160/110 असेल, किंवा डोकं फुटेल असं दुखत असेल, डोळ्यांपुढे ठिपके येत असतील, उजव्या बरगडीखाली कळ असेल, तर थेट तातडीच्या विभागात. वार बाहेर आल्यावर आजार ओसरतो, पण लगेच नाही. बाळंतपणानंतरच्या आठवड्यातही फिटचा झटका येऊ शकतो, तेव्हा बीपी मोजत राहा.

प्रश्न: बाळ बाहेर आल्यावर डॉक्टर वार इतका वेळ का न्याहाळतात?

ट्रेमध्ये पसरलेली वार साधारण अर्ध्या किलोची, 20-22 सेंटिमीटर रुंद, मध्ये दोन-अडीच सेंटिमीटर जाड. आईकडची बाजू गडद लाल, 15 ते 20 खंडांची. ते खंड एकमेकांना नीट भिडतात का, कुठे खड्डा आहे का, हे बोट फिरवून बघतात. पापुद्र्याच्या कडेला तुटलेली रक्तवाहिनी दिसली तर एखादा सुटा खंड आत राहिल्याची शंका येते. नाळेच्या कापलेल्या टोकावर तीन छिद्रं मोजतात. दोनच निघाली तर बाळाचं हृदय आणि मूत्रपिंडं नीट तपासायला हवीत.

बाळ जन्मल्यावर आईला ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन देतात, नाळ एक ते तीन मिनिटांनी कापतात, मग ओटीपोटावर एक हात ठेवून नाळेला हलका ताण देतात. वार सुटण्याआधी जोरात ओढलं तर नाळ तुटते, क्वचित गर्भाशयच उलटं होऊन बाहेर येतं. अर्ध्या तासात वार आली नाही तर हाताने काढायची तयारी करतात. तुकडा आत राहिला की गर्भाशय घट्ट आकसत नाही, उघड्या रक्तवाहिन्या दाबल्या जात नाहीत आणि रक्त जातच राहतं. हे कधी कधी घरी गेल्यावर, आठवड्याभराने उघड होतं. तासाभरात पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, ताप येत असेल किंवा स्रावाला घाण वास असेल, तर त्याच दिवशी परत दाखवा.