संतापाआधी हिशेब

प्रिय,

अल्कलाइन पाण्याच्या यंत्रांवरचा तुझा मसुदा वाचला. राग रास्त आहे, पण ‘भोंदू’, ‘लुटारू’ आणि ‘अडाणी गिऱ्हाईक’ पहिल्या तीन परिच्छेदांत येऊन गेले आणि पहिला आकडा उगवतो चौथ्यात. ज्याने पैसे भरून यंत्र घरी बसवलंय, तो तिथवर पोचायचाच नाही.

संताप काढून टाक, असं मी म्हणणार नाही. मत नसलेलं विज्ञानलेखन सरकारी पत्रकासारखं वाचतं. फक्त क्रम बदल. आधी विक्रेत्याचा दावा असा मांड, की त्यानेही ‘हो, हेच म्हणतो मी’ म्हणावं: या पाण्याने शरीरातली आम्लता जाते. मग रक्ताचा पीएच सांग (पीएच म्हणजे आम्लतेचं माप: ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली). तो ७.३५ ते ७.४५ मध्येच असतो आणि ते काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात. त्यानंतर पोट, जिथे हे पाणी जठररसातल्या आम्लाला भिडतं.

इथे तुझा हिशेब फसलाय. पीएच ९.५ च्या एक लिटर पाण्यातला आम्ल मारणारा हायड्रॉक्साइड पीएच २ च्या जेमतेम ३ मिलिलिटर जठररसात संपतो, हे गणित बरोबर. पण पाण्यात बायकार्बोनेटही असतं आणि तेही आम्ल खातं. पाण्याच्या अहवालातली अल्कलिनिटी, म्हणजे पाणी एकूण किती आम्ल खाऊ शकतं त्याचं माप, लिटरला २०० मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने) असेल, तर त्याच एका लिटरला सुमारे ४०० मिलिलिटर जठररस लागतो. कुठे ३, कुठे ४००! रसायनशास्त्राचा एखादा शिक्षक एवढ्यावरून अख्खा लेख मोडीत काढेल.

गंमत म्हणजे खरा आकडा तुझ्याच बाजूचा आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात अल्कलिनिटीची स्वीकारार्ह मर्यादा २०० च आहे. बोअरच्या पाण्यात ती सहज त्याहून जास्त भरते. म्हणजे आम्ल मारण्याचं जे काम यंत्राच्या नावावर खपवलं जातं, ते बोअरचं पाणी फुकटात करतं. आता मार टोमणा, खुशाल मार.

तिखट लिहूनही टिकणं म्हणजे काय, ते रोझी रेडफिल्ड यांच्याकडे बघ. डिसेंबर २०१० मध्ये नासाने पत्रकार परिषद घेऊन कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला जीएफएजे-१ हा जिवाणू जाहीर केला. तो डीएनएत फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरतो, असा दावा ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या निबंधात होता. कॅनडातल्या या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी दोन-चार दिवसांतच त्याच्यावर जाहीर आणि जळजळीत टीका केली. पण त्या टीकेच्या पोटात दोन ठोस मुद्दे होते. जिवाणू वाढवायच्या ज्या माध्यमात फॉस्फेट (फॉस्फरसचं संयुग) घातलंच नव्हतं, त्यातही सुमारे ३ मायक्रोमोलर, म्हणजे अगदी थोडं, फॉस्फेट होतंच आणि तेवढी वाढ व्हायला ते पुरेसं होतं. शिवाय तपासलेला डीएनए नीट धुतलेला नव्हता. पुढे बाईंनी तोच जिवाणू मागवून सहकाऱ्यांसह प्रयोग केला. डीएनएत आर्सेनिक सापडलं नाही, आणि २०१२ मध्ये ‘सायन्स’नेच ते छापलं.

मूळ निबंध नियतकालिकाने जुलै २०२५ मध्ये मागे घेतला, लेखकांचा विरोध असतानाही. मात्र लबाडीचा ठपका ठेवला नाही. हा फरक तुझ्या मसुद्यात पुसला गेलाय. दावा चुकीचा आहे, हे आकड्यांनी कुणालाही दाखवता येतं. ‘फसवतात’ म्हणायचं तर ते चूक असल्याचं त्यांना ठाऊक होतं, याचा पुरावा लागतो. तो हाती नसेल तर ‘भोंदू’ शीर्षकातूनही काढ.

विक्रेत्याच्या माहितीपत्रकाचा फोटो तारखेसह जपून ठेव, त्यातला मजकूर गुपचूप बदलतो. आणि अल्कलिनिटी पुस्तकातली नको, तुमच्या बोअरची घे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. बाटली त्याच पाण्याने विसळून काठोकाठ भर आणि लगेच नेऊन दे. अहवाल आला की चौथा परिच्छेद पहिला करून मसुदा पुन्हा पाठव.